सांध्यातील कूर्चेचे रक्षण : वृद्धिघटक आणि शोथ

अर्धापूर परिसरात हळदीच्या व केळीच्या शेतात तासन्‌तास उकिडवे बसून काम करणाऱ्या स्त्रियांची गुडघेदुखी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. अलीकडे हेच रुग्ण 'रक्तातले ग्रोथ फॅक्टर' गुडघ्यात टोचून घ्यावेत काय, असे विचारू लागले आहेत. दुसरीकडे 'झिजलेली कूर्चा पुन्हा भरून काढते' असे वाक्य चूर्ण-गुटीच्या जाहिरातीत सहज छापले जाते. दोन्ही ठिकाणी वैद्याला व औषधविक्रेत्याला उत्तर द्यावे लागते; म्हणून या विषयातील निश्चित ज्ञान येथे मांडीत आहोत.

कूर्चा, म्हणजे सुश्रुतोक्त तरुणास्थि, हिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणद्रवातून होते आणि तिच्यातील पेशी संख्येने फार थोड्या असतात. या पेशी दोन द्रव्ये सांभाळतात : ताण सोसणारे कोलॅजनचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकन. शोथ उत्पन्न झाला की इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ-अल्फा हे संदेशवाहक पेशींना विध्वंसक विकर निर्माण करण्याचा आदेश देतात. अ‍ॅडमटीएस वर्गातील विकर प्रथम अ‍ॅग्रिकन कापतात. एमएमपी-१३ कोलॅजन तोडते. गेलेले अ‍ॅग्रिकन काही प्रमाणात पुन्हा बनते. प्रौढ वयात कोलॅजनचे जाळे मात्र जवळजवळ नव्याने विणले जात नाही, आणि खरी हानी तेथे आहे.

वृद्धिघटक याच्या उलट दिशेने कार्य करतात. आयजीएफ-१ हा अ‍ॅग्रिकन व कोलॅजन यांची निर्मिती वाढवितो व इंटरल्यूकिनच्या विध्वंसाला काही अंशी आळा घालतो. टीजीएफ-बीटा विकरांना बांधून ठेवणाऱ्या प्रतिरोधक प्रथिनाची निर्मिती वाढवितो. बीएमपी-७ देखील प्रयोगशाळेत मानवी कूर्चापेशींचे असे रक्षण करतो. मग रोग होतोच का? कारण रुग्ण सांध्यात आयजीएफला बांधून ठेवणारी प्रथिने वाढतात, पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, आणि वयाबरोबर टीजीएफचा संदेश ग्रहण करण्याची पेशींची रीतही बदलते. घटक असतो, पण त्याचे ऐकले जात नाही.

येथेच उत्साहाला लगाम हवा. उंदरांच्या गुडघ्यात टीजीएफ-बीटा टोचला असता कूर्चेबरोबर आवरणाचा तंतुमय जाडपणा व हाडांचे काटे वाढले. म्हणजे जो घटक कूर्चेत रक्षक, तोच शेजारच्या ऊतीत उपद्रवी. एफजीएफ-१८ पासून सिद्ध केलेल्या स्प्रिफरमिनची ५४९ रुग्णांवरील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अधिक मात्रेच्या गटात दोन वर्षांनी कूर्चेच्या जाडीतील बदल रिक्त इंजेक्शनच्या तुलनेत सुमारे ०.०५ मिलिमीटरने सरस होता, परंतु वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. बिंबाणुयुक्त रक्तद्रवाची, म्हणजे पीआरपीची, ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवरील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतर वेदना वा कूर्चेचे आकारमान या दोहोंत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा ती सरस ठरली नाही. त्यासाठी दागिना गहाण टाकण्याच्या विचारात असलेल्या रुग्णाला हे सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

आता आपल्या औषधांविषयी. पुण्यातील संशोधकांनी २००७ मध्ये संधिवातग्रस्त मानवी कूर्चेच्या तुकड्यांवर अश्वगंधामूळाच्या जलीय अर्काचा प्रयोग प्रसिद्ध केला. अल्पकाळ संरक्षक परिणाम दिसला, पण तो सुमारे निम्म्या रुग्णांच्या कूर्चेतच. नागपूर येथील २००३ च्या शल्लकीच्या चाचणीत ३० रुग्णांची वेदना व सूज घटली, क्ष-किरण चित्रात मात्र बदल झाला नाही. डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांची ४४० रुग्णांवरील चोवीस आठवड्यांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली; शुंठी व गुडूची असलेले योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले, पण काही रुग्णांत यकृताचे एसजीपीटी वाढल्याचेही त्यात नोंदविले आहे. आपली औषधे शोथ शमवितात, असे म्हणण्यास आधार आहे. कूर्चा नव्याने उत्पन्न करतात, असे म्हणण्यास नाही.

आमच्या शिवारातील हळदीचेही तसेच. कर्क्युमिन पेशींतील एनएफ-कप्पा-बी हा शोथाचा मार्ग रोखते, हे कूर्चापेशींवर दिसले आहे. परंतु ते आतड्यातून फारच अल्प शोषले जाते. बेंगळुरूच्या १९९८ मधील अभ्यासात मिऱ्यातील पायपेरिनमुळे मानवात ते सुमारे वीसपट वाढले. हेच पायपेरिन फेनिटोइनसारख्या औषधांचे शोषणही वाढविते; तेव्हा अपस्माराचा वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा रुग्ण संहत हळद-अर्क मागू लागल्यास आधी चालू औषधे विचारावीत. भाजीतील हळदीला ही भीती लागू नाही.

श्लेषक कफ म्हणजेच टीजीएफ, असे समीकरण काही व्याख्यानांत मांडले जाते. आम्हांस ते मान्य नाही. आमवात व संधिगत वात यांत भेद करावा हा माधवकरांचा आग्रह चिकित्सालयात अधिक उपयोगी आहे, कारण पहिल्यात आधी शोथ रोखावा लागतो. संधिगत वातात वजन घटविणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांना औषधाइतकेच स्थान द्यावे. माफक भार व हालचाल यांमुळे कूर्चेच्या जाळ्यात बद्ध असलेले वृद्धिघटक मोकळे व सक्रिय होतात, असे प्रयोगांत दिसते. अतिभाराने उलट विध्वंसक विकर वाढतात. निंदणीस उकिडवे बसण्याऐवजी बुटके आसन वापरण्याचा सल्ला म्हणून क्षुल्लक मानू नये.

औषधालयचालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की औषधे व जादूचे उपाय अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत संधिवाताचा अंतर्भाव आहे. कूर्चा भरून काढण्याचा दावा असलेले पत्रक दुकानाच्या फळीवर लावण्यापूर्वी उत्पादकाकडे चाचणीचा लेखी पुरावा मागावा, आणि तो न मिळाल्यास पत्रक परत पाठवावे.