सातव्या वर्षाची रजा

न्यासाच्या शिष्यवृत्त्या विद्यार्थ्यांस मिळतात, ते सर्वांस पटते. अध्यापकाच्या अभ्यासासाठी खर्च म्हटला की भुवया चढतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली प्रथा घातली : सहा वर्षे शिकवावे, सातवे वर्ष अर्ध्या पगारावर संशोधनास घ्यावे. अध्यक्ष एलियट यांस जॉन्स हॉप्किन्समधील एक तरुण विद्वान आपल्याकडे ओढावयाचा होता, त्याकरिता हे आमिष. आणि तो विद्वान कोण, तर संस्कृतज्ञ चार्ल्स लॅनमन! १८८९ त ते हिंदुस्थानात आले, हार्वर्डसाठी हस्तलिखिते जमविली. १८९१ त त्यांच्या संपादकत्वाखाली हार्वर्ड ओरिएंटल सिरीज निघाली, पहिला ग्रंथ आर्यशूराची ‘जातकमाला’. अर्धा पगार मात्र आम्हांस खटकतो. संसारी माणसाने त्यात घर चालवावे की ग्रंथ लिहावा? पुढे अनेक विद्यापीठांनी प्रवास, ग्रंथखरेदी व परिषदांसाठी निराळी अनुदाने ठेविली, हे बरे झाले.