छापायला देण्याआधी

ताई, माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत मोहाचे लाडू विकायचे, तर पाकिटावरचं लेबल नीट हवं ना? लेबलाची पीडीएफ ग्रुपवर आली की आपण तिच्यावरच 'भाव बदला' असा शेरा लिहितो. मग दुकानात शंभर लेबलं निघतात, सगळ्यांवर तो शेरा! पैसे गेले.

ॲडोब रीडरमधून छापताना 'कॉमेंट्स अँड फॉर्म्स' असा रकाना दिसतो. तिथे बहुधा 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' असतं. दुकानदाराला नुसतं 'डॉक्युमेंट' निवडायला सांगा. शेरा फाइलमध्ये राहतो, कागदावर येत नाही.

पण किंमत, वजन, बनवल्याची तारीख शेऱ्यात लिहिली असेल तर तीही जाईल. ती मूळ लेबलातच दुरुस्त करून घ्या. आणि आधी एकच प्रत काढा, साध्या कागदावर.