अलार्म ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

ऑफिसात, हॉटेलात किंवा हॉस्टेलच्या भिंतीवर आगीबद्दलची एक इंग्रजी सूचना तुम्ही पाहिली असेल: ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग.’ हॉस्टेलमध्ये मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, अलार्म बंद झाला की बाहेर पडायचं. म्हणजे तो वाजतोय तोवर आत थांबायचं!

खरा अर्थ बरोबर उलटा आहे. अलार्म वाजायला लागला की लगेच बाहेर पडायचं.

ही चूक होणं साहजिक आहे. पंख्याच्या बटणापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आपण ‘ऑफ’ म्हणजे बंद असंच शिकलोय. मग अलार्मच्या बाबतीत काय होतं?

एक ‘गो ऑफ’, अर्थ किती?

- वाजणं: ‘माय अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स.’ सहा वाजता गजर झाला.
- स्फोट होणं, गोळी सुटणं: ‘द बॉम्ब वेंट ऑफ.’ बॉम्ब फुटला.
- बंद होणं: ‘द लाइट्स वेंट ऑफ.’ लाइट गेली.
- नासणं: ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ.’ दूध नासलं. हा वापर ब्रिटिश इंग्रजीतला. अमेरिकेत ‘गो बॅड’ म्हणतात.
- मन उडणं: ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी.’ मला आता कॉफी आवडेनाशी झाली. हाही ब्रिटिश वापर.
- निघून जाणं: ‘शी वेंट ऑफ टू वर्क.’ ती कामाला गेली.
- पार पडणं: ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल.’ लग्न छान पार पडलं.
- भडकणं: ‘ही वेंट ऑफ ऑन मी.’ तो माझ्यावर भडकला. इथे पुढे ‘ऑन’ येतो, तो विसरायचा नाही.

हे सगळे अर्थ आले कुठून?

‘ऑफ’ आणि ‘चा-ची-चे’ या अर्थाने येणारा ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘पासून’, ‘दूर’. सतराव्या शतकापर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि ‘दूर’ हा अर्थ ‘ऑफ’कडे राहिला.

‘दूर’ हे लक्षात ठेवलं की बरंच कोडं सुटतं. माणूस जागेपासून दूर गेला, तो निघून गेला. लाइट चालू अवस्थेपासून दूर गेली, ती बंद झाली. दूध चांगल्या अवस्थेपासून दूर गेलं, ते नासलं.

आणि अलार्म? तो बंदुकीच्या घोड्यासारखा आहे. आत काहीतरी अडकवून ठेवलेलं असतं आणि वेळ आली की ते सुटतं. मराठीतही गोळी ‘सुटते’च की!

क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ तयार होतो, त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकातून रूढ झालं. पण डोकेदुखी जुनीच. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परदेशी लोकांना सर्वात जास्त अडचण याच प्रकाराची येते.

आपणही काही कमी नाही

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं ‘लागणं’ बघा. दिवा लागला म्हणजे सुरू झाला, पण दार लागलं म्हणजे बंद झालं. डोळा लागला म्हणजे झोप लागली. निकाल लागला, नोकरी लागली, ठेच लागली. गाडी फलाटाला लागते आणि घाटात काहींना ‘गाडी लागते’. मराठी शिकणाऱ्याने काय करायचं?

आपण मात्र कधी गोंधळत नाही. कारण आपण ‘लागणं’ एकटं ऐकत नाही. काय लागलं, ते आधी ऐकतो.

मग ओळखायचं कसं?

हीच सवय इंग्रजीत न्यायची. ‘गो ऑफ’ दिसलं की आधी बघा, काय गेलं?

- अलार्म, सायरन, बॉम्ब, बंदूक: वाजलं, फुटलं किंवा सुटलं. मीटिंगमध्ये ‘फोन वेंट ऑफ’ म्हणजेही फोन वाजला.
- लाइट, हीटर, एसी: बंद झालं.
- दूध, मासे, मटण: खराब झालं.
- माणूस: निघून गेला. पुढे ‘ऑन’ असेल तर भडकला.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा. अलार्म वाजेल असं काही करणं म्हणजे ‘सेट ऑफ’, आणि वाजणारा अलार्म बंद करणं म्हणजे ‘टर्न ऑफ’. ‘हू सेट ऑफ द अलार्म?’ असं कोणी विचारलं, तर प्रश्न अलार्म कुणामुळे वाजला हा आहे. कुणी बंद केला, हा नाही.

बाकीचे अर्थ वाचता वाचता लक्षात येतील, चुकलात तरी फार बिघडणार नाही. पण भिंतीवरच्या त्या सूचनेचा अर्थ मात्र आजच पक्का करून ठेवा. अलार्म ‘वेंट ऑफ’ झाला, तर जिना पकडा आणि बाहेर पडा.