पराक्रमाचे अंदाजपत्रक

चारपाच तरुण टेबलाभोवती बसतात, कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा पुढ्यात घेतात आणि मध्यरात्रीपर्यंत एका कल्पित राज्यात राक्षसांशी लढत राहतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ असे ह्या खेळाचे नाव. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो प्रसिद्ध केला. हा विषय व्याख्यानाला कशाला, असे काही ज्येष्ठ श्रोत्यांना वाटेल. पण मोजकी पुंजी, लांबचा पल्ला आणि मधल्या मुक्कामांची सोय हा जो संसारातला नित्याचा पेच, तो ह्या खेळात आकड्यांनिशी मांडलेला सापडतो. म्हणून त्याचा थोडा हिशेब आपण करणार आहोत.

प्रथम रचना पाहू. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राला सहा गुण असतात : बल, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव. अगदी आरंभीच्या काळी हे गुण तीन फासे टाकून ठरत, म्हणजे अठराचा आकडा २१६ वेळांत एकदा पडायचा. तिथे योजनेला वाव नव्हता; दैव देईल त्या देहात राहावयाचे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र खेळाडूला २७ अंकांची पुंजी देऊन गुण विकत घेण्याची मुभा आहे, आणि आम्ही पुढे जे बोलणार आहोत ते ह्या आवृत्तीला धरून.

प्रत्येक गुण आठापासून सुरू होतो. तेरापर्यंत एकेक अंक वाढवायला एकेक अंक पडतो. पुढे चौदा आणि पंधरा ह्या दोन पायऱ्यांना मात्र दोन-दोन मोजावे लागतात. फाशात गुण जसाच्या तसा मिळवत नाहीत. दहा वजा करून उरलेल्याचे अर्धे, अपूर्णांक सोडून, एवढेच पदरात पडते. म्हणून चौदा आणि पंधरा ह्यांचे फळ सारखेच, अधिक दोन. विषम आकड्यावर थांबणारा खेळाडू पैसे देऊन तिकीट काढतो आणि गाडीत चढत नाही.

आता एक प्रसिद्ध बेत घेऊ. पॅलाडिन म्हणजे व्रतस्थ योद्धा आणि सॉर्सरर म्हणजे जन्मजात जादूगार, हे दोन पेशे एकाच पात्रात जुळवायचे. दोघांची जादू प्रभावावर चालते, म्हणून ही सोयरीक जमते. पेशे मिसळण्याकरता पॅलाडिनला बल व प्रभाव आणि सॉर्सररला प्रभाव, तेराहून कमी चालत नाही. पात्र अर्ध-एल्फ कुळातले घ्यावे : त्या कुळाला प्रभावात दोन आणि आणखी दोन गुणांत एकेक वाढ मिळते. बल १५, चापल्य १०, काटकपणा १३, बुद्धी ८, विवेक १२, प्रभाव १४ असे विकत घेतले की २७ अंक बरोबर संपतात. कुळाची वाढ घातली की बल १६, काटकपणा १४ आणि प्रभाव १६. विषम आकडा एकही उरला नाही. बुद्धीला काही दिले नाही ह्याचे वाईट वाटू नये. सर्वांगसुंदर पात्र बहुधा सर्वच बाबतींत मध्यम निघते.

खरी कसोटी पुढे आहे. पात्र वीस पायऱ्या चढू शकते. दुसऱ्या पायरीला अनुभवाचे ३०० अंक लागतात, पाचव्या पायरीला ६,५०० आणि विसाव्या पायरीला ३,५५,०००. प्रत्येक पायरीला कोणत्या पेशात पाऊल टाकायचे ते खेळाडूने ठरवायचे. ज्याची नजर शिखरावर खिळली आहे तो म्हणतो, पॅलाडिनच्या दोनच पायऱ्या घेऊ. कारण दुसऱ्या पायरीला ‘दैवी प्रहार’ मिळतो : घाव बसल्यानंतर मंत्रशक्तीचा एक साठा खर्च करून आठ बाजूंचे निदान दोन फासे जास्तीचे टाकता येतात, म्हणजे सरासरीने नऊ इजा. मग बाकीचे आयुष्य जादूगार व्हावे, साठे वाढवावे आणि प्रहारांचा वर्षाव करावा. कागदावर हा बेत देखणा दिसतो.

पण पाचव्या पायरीवर काय घडते ते पाहा. शत्रूच्या चिलखताचा आकडा १५ धरू. सरळ मार्गाने चाललेल्या पॅलाडिनचे बल चौथ्या पायरीला मिळणाऱ्या वाढीने १८ झाले आहे. बलाचे चार आणि प्रावीण्याचे दोन मिळून फाशात सहा मिळतात. नऊ किंवा वर पडले की घाव बसतो, म्हणजे शंभरात साठ वेळा. मोठ्या दुहाती तलवारीची इजा सरासरी सात, बलाचे चार, एकूण अकरा. वीस पडल्यावर होणारा जास्तीचा लाभ सोडून दिला तर दर फेरीला ६.६ इजा पदरात पडते. पाचव्या पायरीला प्रावीण्य तीन होते आणि दुसरा घाव घालण्याचा अधिकार मिळतो. आता शंभरात पासष्ट घाव बसतात, तेही दोनदा : १४.३. एका पायरीत दुपटीहून अधिक! त्याच पायरीवर शेजारच्या विझार्डला अग्निगोल सापडतो, सहा बाजूंचे आठ फासे.

आणि आमचा दूरदर्शी वीर? दोन पायऱ्या पॅलाडिनच्या, तीन सॉर्सररच्या. दुसरा घाव नाही. गुणांची वाढही नाही, कारण ती त्या त्या पेशाच्या चौथ्या पायरीला मिळते आणि त्याने एकाही पेशाची चौथी गाठलेली नाही. अग्निगोल त्याला एकंदर सातव्या पायरीला, म्हणजे २३,००० अंकांनंतर मिळणार. मंत्रशक्तीचे साठे त्याच्याजवळ सोबत्याहून अधिक आहेत हे मान्य करायला हवे; एखाद्या लढाईत तो चमकून जातो. पण साठे भरायला रात्रभराची विश्रांती लागते. दिवसाच्या चौथ्या झुंजीत तो एकेक घाव घालीत उभा असतो, आणि एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण त्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

बरे, शिखर येईपर्यंत खेळ चालेलच कशावरून? २०१४ च्या आरंभसंचातले ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे साहस पहिल्या ते पाचव्या पायरीपुरतेच आहे. २०१६ चे ‘कर्स ऑफ स्ट्राड’ दहाव्या पायरीच्या आसपास संपते. सतराव्या पायरीला फुलणारा बेत घेऊन अशा साहसात उतरणे म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्याच्या जागेत आंब्याची कोय लावणे होय. म्हणून सूत्रधाराला पहिला प्रश्न विचारावा : आपण कुठपर्यंत जाणार?

आमच्या मते पॅलाडिनच्या सहा पायऱ्या सलग घ्याव्या आणि मग वळावे. सुरुवात पॅलाडिननेच करावी, कारण जड चिलखताचा अधिकार त्या पेशात जन्मलेल्याला मिळतो, मागून आलेल्याला नाही. सॉर्सररने आरंभ केला तर काटकपणाच्या बचावात प्रावीण्य मिळते व घाव बसल्यावर चालू मंत्र तुटण्याचे भय कमी होते. काही जाणते खेळाडू ह्याच कारणाने तो मार्ग धरतात. पण पोलादी पूर्ण चिलखताचा आकडा १८ आहे, त्यात चापल्य लागत नाही, आणि आमच्या पात्राचे चापल्य तर दहाच आहे.

सहावीच का, तर तिथे जे मिळते त्याचा आकडा इजेच्या हिशेबात दिसत नाही. दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येक सोबत्याच्या बचावाच्या फाशात, आणि स्वतःच्याही, पात्राच्या प्रभावाचा अधिकांक मिळवला जातो. प्रभाव १६ असला तर तीन. वीस बाजूंच्या फाशावर तीन म्हणजे शंभरात पंधरा. विष, भीती, शाप, ड्रॅगनचा फूत्कार, सगळ्यांना लागू. प्रभाव वीसपर्यंत नेला की शंभरात पंचवीस. ह्याचे महत्त्व खेळाबाहेरचेही आहे. एकाच पात्राचा घाव अवाढव्य झाला की सूत्रधाराला राक्षस मोठे करावे लागतात, आणि त्या वाढलेल्या राक्षसाच्या पंजाखाली मरतो तो शेजारच्या मित्राचा साधा चोर. त्या मित्राने सहा महिने जपलेले पात्र असते ते. प्रहाराच्या आकड्यामागे लागलेल्याला टेबलावरची ही नाराजी उशिरा कळते. सहाव्या पायरीचे वलय मात्र त्याच चोराला वाचवते आणि राक्षसही वाढवावा लागत नाही.

सातव्या पायरीला सॉर्सररमध्ये पहिले पाऊल टाकावे. ‘ढाल’ हा मंत्र लगेच घ्यावा : आयत्या वेळी चिलखताचा आकडा पाचाने वाढतो. पॅलाडिनच्या पायऱ्या मंत्रशक्तीसाठी अर्ध्या धरतात, म्हणून सहाच्या तीन आणि ही एक मिळून चार. साठे वाढत राहतात. २०२४ च्या सुधारित नियमांत मात्र दैवी प्रहाराला मंत्र ठरवून तो एका पाळीत एकदाच करता येईल असे केले आहे. जुन्या पुस्तकावरून आखलेला प्रहारांचा वर्षाव नव्या टेबलावर चालणार नाही. वलय मात्र तिथेही सहाव्याच पायरीला मिळते.