उत्तरेची भिंत

सकाळी ६.३०

रात्री भुरभुर पाऊस झाला आणि पहाटेपासून बालाघाटावर धुई उतरली. मांजरसुंब्याहून नेकनूरकडं येताना गाडीचा दिवा चार हातांपलीकडं पोचत नव्हता. बीड जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दुष्काळ आणि टँकर उभे राहतात. इथल्या गवंड्याला ओलीची काळजी पडते, हे सांगूनही पटत नाही. पण मार्गशीर्षात अवकाळीचं आभाळ चार दिवस मुक्कामाला आलं की घाटमाथ्यावरचं नवं घर आतून गार पडतं. अशा गार भिंतीवर पुट्टी ओढायची म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम.

घर घरकुल योजनेतलं, २५ चौरस मीटरचं. घरकुलाला ठरावीक सरकारी अनुदान मिळतं, मजुरीचे पैसे वेगळे. तेवढ्यात घर होत नाही. वरचा पैसा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतला आहे. नवरा-बायको दिवाळी झाल्या झाल्या ऊसतोडीला गेले आणि ती उचल आता फडात कोयत्यानं फिटते आहे. इथं आजी आणि दोन नातवंडं मागं राहिली आहेत. ती तिघं अजून शेजारच्या पत्र्याच्या शेडात झोपतात आणि थंडी वाढत चालली आहे. सामान आत लागलं की पुट्टी कायमची राहून जाते, म्हणून काम आधी उरकायचं. घाई आहे, आणि खरी आहे.

सकाळी ७

काल निघताना चारही भिंतींवर फूटभर प्लॅस्टिकचा एकेक तुकडा चिकटपट्टीनं चारी कडांनी बंद करून लावला होता. माझ्याकडं ओल मोजायचं यंत्र नाही, पण हे प्लॅस्टिक पुरेसं खरं बोलतं. थेंब आतल्या अंगाला, भिंतीच्या बाजूला धरले असतील तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. आतून कोरडं आणि वरून दव असेल तर ती ओल हवेतली, खोलीतल्या हवेपेक्षा भिंत गार असल्यामुळं तिच्यावर बसलेली. दोन्हींचा इलाज वेगळा. हवेतली ओल खिडक्या उघडल्यानं जाते. पोटातलीला दिवस द्यावे लागतात.

पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेचे तुकडे आतून कोरडे निघाले. उत्तरेच्या तुकड्यात मात्र आतून बारीक थेंब होते, खालच्या अंगाला जास्त. या दिवसांत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, उत्तरेच्या भिंतीला बाहेरून ऊनच लागत नाही. विटा परळीकडच्या राखेच्या, औष्णिक केंद्राच्या राखेतून निघालेल्या. बांधताना पाणी, जोडणीत पाणी, प्लास्टरवर सात दिवस मारलेलं पाणी आणि वर हा पाऊस, एवढं सगळं तिच्या पोटात आहे.

तळहात कामानं जाड झालेला असतो, म्हणून भिंतीला उलटा हात लावून बघतो. मग थापीच्या मुठीनं ठोकत जातो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात बद्द आवाज आला. तेवढं प्लास्टर सुटलेलं होतं, काढून टाकलं. नवं भरून सुकेपर्यंत तो कोपरा पुट्टीला सोडायचा. वर कितीही सुंदर पुट्टी मारली तरी असा कोपरा पुढच्या पावसाळ्यात पोपड्यासकट खाली येतो.

सकाळी ८

बिगारी पोरगा आला. पुट्टीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून, ताडपत्रीखाली ठेवली आहेत. दुसऱ्या एका कामावरून आणलेलं एक अर्धं पोतं मात्र उघडं राहिलं होतं. मुठीत दाबून पाहिलं. चांगली पावडर मूठ उघडली की विस्कटते, ही बोटांचे ठसे घेऊन तशीच बसली आणि आत खडे लागले. सादळली.

“चाळून घेऊ की,” पोरगा म्हणाला.

चाळल्यानं खडा निघतो, पण हवेतलं पाणी पिऊन बसलेलं सिमेंट परत जिवंत होत नाही. ते पोतं अंगणातल्या खड्ड्यात ओतायला लावलं. आजींना वाईट वाटलं, पैशाची वस्तू आहे. मग पोत्याची किंमत मी माझ्याकडं धरली. पोतं मीच आणलं होतं.

आजींनी चुलीवर पाणी ठेवलं. कोमट पाहिजे, बोट सुखानं बुडेल इतकंच. हवा १० अंशांच्या खाली गेली की सिमेंटचं घट्ट होणं फार मंदावतं, ५ च्या आसपास जवळजवळ थांबतं. आज पहाटे पारा त्या दहाच्या जवळपास होता. कोमट पाण्यानं मालाला सुरुवातीची ऊब मिळते. कढत पाणी घातलं तर उलटं होतं, माल घमेल्यातच आवळतो.

सकाळी ९.३०

धुई उठू लागली. ५ किलो पावडरीला २ लिटरच्या जरा आतच पाणी. आधी पाणी, मग पावडर थोडी थोडी सोडत जायची. गुठळी मोडली की दहा मिनिटं माल तसाच ठेवायचा आणि पुन्हा एकदा फेटायचा. गार दिवसात माल घमेल्यात जास्त वेळ मऊ राहतो, म्हणून मोठा घाणा घालायचा मोह होतो. मी छोटेच घालतो. मऊ दिसणारा माल ताजा असतोच असं नाही, आणि घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून हात मारला की तो वाळल्यावर भुगा होऊन हाताला लागतो.

उन्हाळ्यात पहिल्या हाताआधी भिंत चांगली भिजवतो, नाहीतर ती पुट्टीतलं पाणी ओढून घेते. आज ब्रश झटकून नुसता ओलावा दिला. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओलसर भिंतीलाही धरते, तिथं पीओपी घातलं असतं तर मऊ पडून वाया गेलं असतं. पण ओलसर वेगळी आणि तुडुंब भरलेली वेगळी. भिंतीनं थोडं तरी ओढलं पाहिजे. ओढ संपलेल्या भिंतीवर पुट्टी नुसती वरवर तरंगते, पट्टीबरोबर घसरते आणि मागं फुगे ठेवते.

दक्षिणेच्या भिंतीपासून सुरुवात केली. पट्टी खालून वर. पहिल्या दाबात माल प्लास्टरच्या छिद्रात बसतो, दुसऱ्या ओढीत जास्तीचा निघून येतो. पट्टी भिंतीशी किती कललेली आहे त्यावर सगळं अवलंबून. उभी धरली तर खरवडते, आडवी पडली तर जाड थर सोडते. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर थर जाऊ द्यायचा नाही, थंडीत तर नाहीच, कारण जाड थराची कातडी आधी वाळते आणि आतला माल ओला राहतो. पट्टीचा आवाज ऐकत राहावं लागतं. ओली असताना ती गुळगुळीत सरकते. भिंतीनं ओढायला सुरुवात केली की बारीक खर्रर्र येतो. तो आला की तिथं पुन्हा हात लावायचा नाही. उन्हाळ्यात हा आवाज लगेच येतो, आज दक्षिणेच्या भिंतीवरसुद्धा त्याची वाट पाहावी लागली.

सकाळी ११.३०

तीन भिंतींचा पहिला हात झाला. आता थांबायचं. पोत्यावर दोन हातांमध्ये किमान तीनेक तास लिहिलेले असतात, पण ते कोरड्या, उबदार दिवसाचे. आज भिंत सांगेल तेव्हा.

या थांबण्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. थंडी-ओल म्हणजे कामाचा शत्रू असं सगळे म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी जोडलं जाऊन घट्ट होतं. वाळणं म्हणजे उरलेलं पाणी निघून जाणं. चैत्र-वैशाखात आमच्याकडं गरम वारा सुटतो, तो पाणी आधी पळवतो आणि सिमेंट उपाशी राहतं. म्हणून उन्हाळ्यातल्या कितीतरी पुट्ट्या बोटाला पांढऱ्या लागतात. मार्गशीर्षात सगळं हळू होतं, पण सिमेंटला पाणी पोटभर मिळतं. धीर धरला तर या दिवसांतला हात मे महिन्यातल्यापेक्षा कणखर उतरतो. चुन्याच्या काळातल्या मिस्त्र्यांनाही उन्हाचंच भय जास्त होतं. निरू, म्हणजे चुन्याचा बारीक लेप, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि त्याला थोडा ओलावा लागतोच. त्यांना कुणी लवकर करा म्हणत नव्हतं, इतकाच फरक.

फोन वाजला. फडातून घराचा मालक, व्हिडिओवर. मागं उसाची मोळी बांधताना त्याची बायको दिसत होती. “मिस्त्री, पांढरी झाली का खोली?” मी फोन फिरवून तिन्ही भिंती दाखवल्या. “अन् ती उत्तरेची?” ती आज होणार नाही, म्हणालो. तो गप्प झाला. मग बायकोचा आवाज आला, “नीट होऊ द्या भाऊ, आमी हंगाम सरून पट्टा पडल्यावरच येनार हाव. लेकरं तेवढी आत निजू द्या.”

दुपारी १.३०

भाकरी, ठेचा. पटकन उठलो, कारण दिवसातले कामाचे तास हेच. ऊन पडलं होतं आणि बाहेरची हवा खोलीतल्यापेक्षा कोरडी झाली होती. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या आणि दार उघडं टाकलं. सकाळच्या धुईत हेच केलं असतं तर ओल आत घेतली असती.

आजी शेगडी घेऊन आल्या, निखारे फुललेले. “बाबा, ठिव की मदी. झटकन वाळंल.”

“आजी, नको. धुरानं भिंत पिवळी पडेल. वरची कातडी वाळेल अन् आतला हात ओलाच राहील. अन् एक ऐका, रात्री दार लावून या खोलीत शेगडी ठेवून निजायचं नाही, लेकरांना घेऊन तर बिलकुल नाही. त्या निखाऱ्याच्या वायूला वास नसतो, पण माणूस उठत नाही.”

त्यांनी शेगडी अंगणात नेली. हे मी प्रत्येक घरी सांगतो, पुट्टीचं काम असो नसो.

दुपारी ३

मोबाइलची बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड टाकला. समोरून सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळं कबूल करते: पट्टीची रेघ, सुईएवढी छिद्रं, दोन हातांच्या जोडावरचा उंचवटा. तेवढं तासून घेतलं. दक्षिण आणि पश्चिमेचा रंग एकसारखा पांढरा झाला होता, गडद डाग कुठं नव्हता. त्यांना दुसरा हात मारला, पहिल्याहून पातळ. पूर्वेच्या भिंतीत खिडकीखाली अजून राखाडी ढग होता, ती सोडली. उत्तरेला तर पहिलाही हात नाही.

कागद आज मारायचाच नाही. दमट पुट्टीवर पॉलिश पेपर घासला की तो लगेच भरतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात.

सायंकाळी ५

दव पडायच्या आत खिडक्या बंद केल्या. पट्ट्या धुऊन पुसून तेलाचा हात लावला, कारण गंजाचा एक ठिपका पांढऱ्या भिंतीवर लांब रेघ ओढतो.

मजुरीचं आधीच ठरलेलं आहे. थंडीत मी पुट्टीचं गुत्तं घेत नाही, रोजानं येतो. चौरस फुटावर पैसे असले की सरावलेला हातही ओल्या भिंतीवर धावायला लागतो. तसं केलेलं काम मी मोठ्या शहरातल्या एका इमारतीत पाहिलं आहे, रंगासकट हाताएवढे पोपडे लोंबत होते. मालकाला रोज परवडावा म्हणून उत्तरेची भिंत सुकेपर्यंत मी दुसरीकडं काम धरणार आहे, तेवढ्या दिवसांची हजेरी लागणार नाही.

आजींना दोन कामं सांगितली. सकाळी धुई उठल्यावर, अकराच्या सुमाराला, खिडक्या उघडायच्या आणि दिवस कलायच्या आत लावायच्या. आणि उत्तरेच्या भिंतीवर नवं प्लॅस्टिक लावलं आहे, त्याला लेकरांनी हात लावायचा नाही. आतून कोरडं दिसलं की फोन करायचा. तोवर दक्षिणेच्या बाजूला अंथरूण टाकून तिघांनी खुशाल आत झोपावं, भिंतीपासून जरा अंतर ठेवून.

“आजच निजू का?” त्यांनी विचारलं.

“आज नको आजी, ताजा हात आहे. परवा.”

त्यांनी नातवाला परवाचा वार विचारून घेतला.