यमुनेकाठचे पानिपत

शिवालिकाच्या डोंगरांतून सपाटीवर उतरलेली यमुना दिल्लीकडे येताना ज्या जिल्ह्याची पूर्व सरहद्द होऊन वाहते, त्याचे नाव मराठी माणसाने नकाशात पाहण्यापूर्वीच घरच्या बोलण्यात ऐकलेले असते. एखाद्या कार्याचा पुरता विध्वंस झाला की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हा शब्द ज्या भूमीने आपल्याला दिला, ती भूमी आहे कशी आणि तिची नदी वाहते कोठून, याची विचारपूस आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर, जुन्या बादशाही रस्त्यालगत हे शहर आहे. पूर्वी कर्नालात मोडणारा हा मुलूख १९८९ साली स्वतंत्र जिल्हा झाला, १९९१ मध्ये पुन्हा कर्नालास जोडला गेला आणि १ जानेवारी १९९२ पासून कायमचा वेगळा झाला. येथे डोंगर नाही, खडक नाही. नदीलगतच्या सखल, पुराच्या मातीने पोसलेल्या जमिनीस 'खादर' आणि त्याहून उंच, पुराच्या टप्प्याबाहेरील जमिनीस 'बांगर' म्हणतात, एवढाच काय तो भेद. जुने शहर यमुनेच्या एके काळच्या काठाजवळ, पिढ्यान्पिढ्यांच्या पडझडीने उंचावलेल्या टेकाडावर वसले आहे. नदी मात्र पात्र बदलीत पूर्वेस दूर सरकली.

उत्तरेस हिमालय आणि नैर्ऋत्येस राजस्थानचे वाळवंट, यांमधील सपाट पट्ट्यातूनच वायव्येकडून येणाऱ्या फौजांना दिल्ली गाठावी लागे. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने इब्राहिम लोदीस आणि ५ नोव्हेंबर १५५६ रोजी अकबराच्या सैन्याने हेमूस येथेच पराभूत केले. लोदीची कबर आणि बाबराने उभारलेली काबुली बाग मशीद आजही शहरात आहेत.

तिसऱ्या युद्धाची कथा मात्र, माझ्या मते, नदीपासून सांगावयास हवी. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा अहमदशहा अब्दाली पलीकडे, गंगा-यमुनांमधील अंतर्वेदीत होता आणि दुथडी भरलेल्या यमुनेने दोघांस वेगळे ठेवले होते. ऑक्टोबरात भाऊ उजव्या तीराने उत्तरेस गेले व त्यांनी कुंजपुरा सर केला. परतीरावरील अब्दालीस आपल्या माणसांच्या कुमकेस जाता आले नाही. त्यानंतर त्याने बागपतजवळ उतार शोधला आणि पाण्यात माणसे गमावूनही फौज अलीकडे आणली. त्या एका कृतीने सारा डाव उलटला: जी नदी आजवर मराठ्यांची पाठ राखीत होती, तीच आता शत्रूस अंतर्वेदीतून धान्य पुरवू लागली, आणि दिल्लीची वाट मात्र भाऊंना बंद झाली. शत्रूची रसद तोडण्यास निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लष्करासोबत बायका, मुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे होतेच. पानिपतावरील अडीच महिन्यांच्या कोंडीत माणसांबरोबर जनावरेही उपाशी राहिली. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा पुढे घालून मराठी फौजेचा जो गोल बाहेर पडला, त्याचा रोख यमुनेचा काठ गाठून दिल्लीकडे सरकण्याचा होता, असे त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या व्यासंगी अभ्यासकाचे मत आहे, आणि या भूमीचा नकाशा समोर ठेवला असता ते मनास पटते. विश्वासराव पडले, भाऊ पडले, गारदीही वाचला नाही. नदी कोणास गाठता आली नाही.

आजचे पानिपत हातमाग, घोंगड्या, सतरंज्या आणि लोणची यांसाठी ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. कोणत्याही गावाने आपल्या रणभूमीवरच जगावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. 'काळा आंब' या स्मारकस्थळी दर १४ जानेवारीस लोक जमतात. तेथे जाणाऱ्या मराठी माणसाने तेवढ्यावर परतू नये, पूर्वेस सनौलीच्या पुलापर्यंत जावे. वर हथनीकुंडाच्या बंधाऱ्याशी यमुनेचे बहुतेक पाणी कालव्यांत वळविले जात असल्याने ऐन संक्रांतीच्या दिवसांत पुलाखाली रुंद वाळवंट आणि त्यातून वाहणारी बारीकशी धार दिसते. पलीकडे शामलीची शेते सुरू होतात.