द्विपंखी विमानाच्या तारा

विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याचा माझा छंद वर्गात सर्वांना ठाऊक आहे. द्विपंखी विमान पाहिले की मित्र हमखास विचारतात, ‘या तारा शोभेच्याच ना?’ मुळीच नाही! ते विमान तारांवरच उभे असते.

सध्या माझ्या टेबलावर एस.ई.५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान आहे. १९१८ च्या जुलैत इंद्रलाल रॉय या एकोणीस वर्षांच्या बंगाली वैमानिकाने फ्रान्सच्या आकाशात दोन आठवड्यांत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला तो स्वतः कामी आला, तो याच जातीच्या विमानातून. त्याचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. दोन पंखांमधले खांब दाब सोसतात, तारा ताण सोसतात. लोखंडी पुलासारखीच ही रचना. उडताना पंख वर उचलले जातात, तेव्हा धडाच्या तळापासून बाहेरच्या खांबांच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारा त्यांना आवरतात. या दुहेरी असत. एक गोळीने तुटली तरी दुसरी होतीच. जमिनीवर मात्र पंखांचे ओझे उलट तिरप्या तारांवर येते. त्या एकेरी. एवढे समजले की कोठे किती तारा हे पाठ करावे लागत नाही.

प्रतिकृती बहात्तरपट लहान. सहा मिलिमीटरची तार तेथे ०.०८ मिलिमीटरची होते, म्हणजे केसाएवढी! शिवणाचा दोरा तेथे दोरखंड दिसतो. काहीजण खरोखर केसच लावतात. मी सुट्या भागांभोवतीच्या चौकटीची उरलेली प्लॅस्टिकची काडी घेतो. ती मेणबत्तीवर मऊ करायची, ज्योतीपासून दूर नेऊन ओढायची. झटक्याने ओढली तर बारीक, सावकाश ओढली तर जाड. अंतर कंपासपेटीतल्या कर्कटकाने मोजून तुकडा कापायचा आणि टोकांना फेव्हिकॉलचा कण लावायचा. वाळल्यावर उदबत्तीचे पेटते टोक जवळ न्यायचे, टेकवायचे नाही. ढिली तार डोळ्यांदेखत ताठ होते. (घरच्यांना वाटते, मी विमानाची पूजा करतो!)

रंगकाम आधी उरकावे. मग आतल्या तारा, नंतर बाहेरच्या. उलट केले तर चिमटा आत शिरत नाही. डावीकडची लावली की लगेच उजवीकडची जोडीदार लावावी. मासेमारीचा नायलॉन धागा मजबूत खरा, पण एका बाजूला जास्त ओढला तर पंखच पिळवटतो. खांबांच्या जोडीत आडवी फुली असते, तीही विसरू नये. आणि पुरे झालेले विमान पंखाला नव्हे, धडाला धरून उचलावे.